कमरेतली क्षारपड

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी गावठाणात शिरलं, त्या रात्री मी शाळूची आणि गव्हाची अकरा पोती माडीवर चढवली. बारावं उचलताना कमरेत चमक भरली. पूर ओसरला, घरातला गाळ निघाला, आणि तिसऱ्या आठवड्यात डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत विजेची तार ओढावी तशी कळ सुरू झाली. तेव्हा माझं वय ४६ होतं. पुढचे पाच महिने मी जे केलं ते दुसऱ्या कुणी करू नये, म्हणून हे लिहितोय.

‘मणक्यात गॅप पडलाय,’ असं जो भेटेल तो सांगे. गॅप म्हटलं की मनात फट येते, आणि फट आपोआप बुजेपर्यंत हलायचं नाही असं वाटतं. मी सात आठवडे अंथरुणाला धरून राहिलो. रात्रंदिवस पट्टा बांधला. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणत राहिलो, सकाळी एक आणि रात्री एक. पडून राहिल्यामुळे दिवसाच्या चार सिगारेटी दहावर गेल्या. पाच महिन्यांनी डावी मांडी उजवीपेक्षा बारीक दिसू लागली, कळ होती तिथंच होती, आणि वर रक्तदाब चढला.

शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआयआधी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन वाढलं होतं. ‘कमरेचं नंतर बघू, आधी मूत्रपिंड वाचवू. या गोळ्या आजपासून बंद,’ ते म्हणाले. मग त्यांनी फिल्म उजेडावर धरली. दोन मणक्यांमधल्या निरोगी गादीत पाणी असतं, त्यामुळे ती पांढरी दिसते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली माझी गादी काळी होती.

‘शेती काय करता?’ त्यांनी विचारलं.

‘ऊस. पण दीड एकर क्षारपड गेलीय.’

‘मग तुम्हाला हे लवकर समजेल.’

वाळवा, मिरज भागातल्या माणसाला क्षारपड समजावून सांगावी लागत नाही. पाणी वारेमाप दिलं, निचरा राहिला नाही, क्षार वर आले. त्या रानात बियाणं चांगलं असूनही उगवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की गादीचंही काहीसं तसंच होतं. प्रौढ माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. तिथल्या काही पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून सहा ते आठ मिलिमीटर दूर असतात. साखर आणि प्राणवायू वरच्या-खालच्या मणक्यांतून, कूर्चेच्या पातळ पापुद्र्यातून झिरपत आत येतात. पेशींनी तयार केलेलं लॅक्टिक आम्लही त्याच वाटेनं बाहेर पडतं.

वयानं, आनुवंशिकतेनं, इजेनं किंवा धूम्रपानानं ही वाट चोंदली, की आत अन्न कमी पोचतं आणि आम्ल साचतं. निरोगी गादीचा सामू सातच्या किंचित वर असतो, खूप झिजलेल्या गादीत तो साडेसहापर्यंत किंवा त्याखालीही जाऊ शकतो. अशा वातावरणात पेशी बांधकाम कमी करतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाह पेटवणारी रसायनं सोडू लागतात. त्यांच्या इशाऱ्यावर काही विकरं ॲग्रिकॅन तोडतात. गाभ्यात पाणी धरून ठेवणारा रेणू हाच. पाणी घटलं की भार कडेच्या तंतूंच्या थरांवर येतो, त्यांना भेगा पडतात, आणि जिथं मज्जातंतू नव्हते तिथं ते शिरू लागतात. दाहामुळे झीज होते आणि झिजेमुळे दाह वाढतो.

‘नस दबली’ हेही अर्धंच खरं, हे मला तिथं कळलं. स्वीडनमध्ये केल ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली डुकरांच्या मज्जातंतूंच्या मुळांवर गादीच्या गाभ्याचा अंश नुसता ठेवला, दाब दिलाच नाही. तरीही मज्जातंतूचं काम मंदावलं. म्हणजे इजा गाभ्यातल्या रसायनांनीही होते. मात्र हाच दाह उपकारही करतो. गादीचा तुकडा बाहेर आला, तर दाहाच्या मागून येणाऱ्या भक्षक पेशी तो महिनोन्‌महिने कुरतडून लहान करतात. अनेकांची कळ शस्त्रक्रियेशिवाय जाते, त्याचं हे एक कारण.

त्याच सुमाराला पुण्याच्या चुलतभावानं मूळपेशींच्या इंजेक्शनची जाहिरात पाठवली. खर्च लाखांत. दीड एकर विकून टाकावं असं मनात आलं होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘निचरा न काढता त्या रानात महागडं बियाणं लावाल?’ गादीत सोडलेल्या नव्या पेशींनाही त्याच आम्लात, त्याच उपासमारीत जगायचं असतं. या क्षेत्रातल्या संशोधकांची मोठी अडचणही हीच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा वापर रक्ताच्या ठरावीक विकारांपलीकडे फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. पैसे घेऊन ‘गॅप भरून देतो’ म्हणणाऱ्याला आधी त्या चाचणीची नोंदणी विचारा.

आता अनुभवातून सांगतो.

पहिलं म्हणजे धोक्याच्या खुणा ओळखा. लघवीवरचा किंवा संडासावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन आणि पाठदुखी एकत्र असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

दुसरं, अंथरूण लवकर सोडा. अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी १९८६ साली दोन दिवसांच्या आणि सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना केली. सात दिवस पडून राहणाऱ्यांना जास्त फायदा झाला नाही, दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर परतले. मी सात आठवडे पडून होतो. गादीच्या पेशींना बेताचा, बदलता भार हवा असतो. अतिभार आणि संपूर्ण आराम, दोन्ही त्यांना मानवत नाहीत. मी घरातल्या ओसरीपासून सुरुवात केली, पाच मिनिटं, मग दहा. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम त्यानंतर.

तिसरं, गोळी डॉक्टरांना विचारून, ठरावीक दिवसांपुरती घ्या. ती वाईट नाही. चालता यावं इतकी कळ तिनं कमी केली तर तिचं काम झालं. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेतली, तर मोल मूत्रपिंड आणि जठर देतात.

चौथं, सिगारेट. १९९१ साली मिशेल बॅटी आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या भावंडांच्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एक धूम्रपान करणारा, दुसरा न करणारा. करणाऱ्यांच्या कमरेच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. डॉक्टरांना भेटलो त्याच महिन्यात मी सिगारेट सोडली. सर्वांत अवघड तेच गेलं.

पाचवं, पोतं उचलताना गुडघे वाकवा आणि वजन अंगाजवळ घ्या. जर्मनीत हान्स-योआकिम विल्के यांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवला होता. उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल भरला. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ झाला, गुडघे वाकवून उचलताना १.७. माझं पोतं २० किलोचं नव्हतं.

सहावं, एमआरआयच्या शब्दांनी खचू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. काळी गादी म्हणजे संपलेलं आयुष्य नव्हे.

माझी कळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत विरली. गादी पुन्हा पांढरी झाली असेल असं मी म्हणत नाही, फिल्म परत काढलेली नाही. रानात मात्र निचऱ्यासाठी चार फूट खोल सच्छिद्र पाइप टाकले, ताग गाडला, आणि तिथं आता ऊस उभा राहतोय.

परवा शेजारचा पोरगा कमरेवर हात ठेवून दारात आला. ‘काका, तुमचा पट्टा पडून असंल तर द्या की.’ पायात जोर आहे का, लघवी नीट होते का, ताप येतो का, हे मी विचारून घेतलं. उद्या डॉक्टरांना दाखवायचं कबूल करून घेतलं. मग चपला घातल्या, आणि दोघं सावकाश बांधापर्यंत चालत गेलो.