कंपनी नंतर, काउंटर आधी

पुण्याजवळ मुळशीतल्या भुकूममध्ये मी इमारतींची थ्रीडी चित्रं आणि वॉकथ्रू करून देतो. भूगावपासून पिरंगुटपर्यंत सोसायट्या उठतच असतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. पण ग्राफिक्स कार्ड बसलं की रेंडर बंद आणि बिल्डरचे फोन सुरू. या धंद्यामुळे आसपासची पोरं, त्यांचे वडील, एखादा नवखा आर्किटेक्ट कार्ड घ्यायच्या आधी माझ्याकडे डोकावतात. प्रश्न ठरलेला: "दादा, कुठल्या कंपनीचं घेऊ?" मी उलट विचारतो, "बिघडलं तर कुठे नेणार?"

माझं आधीचं कार्ड नावाजलेल्या कंपनीचं होतं. त्याच चिपच्या साध्या कार्डापेक्षा बरंच महाग, तीन पंख्यांचं, तीन वर्षांच्या वॉरंटीचं. दुसऱ्या पावसाळ्यात पडद्यावर रंगीत चौकटी दिसायला लागल्या, मग मध्येच सगळं काळं. दुसऱ्या मशीनला लावून पाहिलं, तिथेही तेच. बिल, खोका, सीरियल नंबर, सगळं जवळ होतं. भूगावची कोंडी पार करून शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने कार्ड मशीनला लावलंच नाही. भिंगाच्या दिव्याखाली धरलं, उलटं केलं आणि एचडीएमआय पोर्टाच्या पत्र्यावर टोकदार चिमटा टेकवला. "हे बघा सर, गंज." तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका होता. त्याने फॉर्मवर लिहिलं, सीआयडी. याचा पोलिसांशी संबंध नाही. ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा तो शेरा. तो पडला की वॉरंटी संपली. बिघाड नेमका कशात आहे, हे कुणी तपासलंसुद्धा नाही.

मुळशीकराला हे फार झोंबतं. शहरापेक्षा इकडे पाऊस जास्त. चार महिने चपलांना बुरशी, कपाटाच्या बिजागऱ्यांना गंज. पोर्टाचा पत्रा तेवढा कसा वाचणार? पण वॉरंटीच्या बारीक टायपात ओल, गंज, जळाल्याच्या खुणा, तुटलेला भाग हे सगळं बहुधा वगळलेलं असतं. खोक्यावरचं "3 वर्षं" ठळक, हे मात्र आतल्या घडीपत्रिकेत. बऱ्याच कार्डांबरोबर पोर्टांना लावायची प्लास्टिकची इवलीशी टोपणं येतात आणि लोक ती खोक्यासकट माळ्यावर टाकतात. ती लावा. मशीन खिडकीला लागून ठेवू नका, आणि काम नसलं तरी पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा; आतली ऊब ओल धरू देत नाही. आणि कार्ड काउंटरवर द्यायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, तेही तिथेच, त्यांच्यासमोर.

त्याच सुमारास माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाचं कार्ड गेलं. जाणकार ज्या नावाला नाक मुरडतात तसल्या कंपनीचं, दोनच पंखे. त्यांच्या केंद्राने सीरियल नंबर बघितला, कार्ड लावून बिघाड पाहिला आणि बदली कार्ड दिलं. ते कोरं करकरीत नव्हतं, दुरुस्त केलेलं होतं, आणि वॉरंटी मूळ खरेदीपासूनच मोजली. ही पद्धत सगळीकडे दिसते, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण पोराचं काम सुरू झालं. माझं कार्ड अजून वादात होतं.

तेव्हा कंपनी म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. चिप बनते एनव्हीडियाची, एएमडीची, अलीकडे इंटेलचीही. खोक्यावर नाव असतं आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांचं. यांचं स्वतःचं काय, तर बोर्ड, पंखे, हीटसिंक आणि वॉरंटी. एकाच चिपची दोन कार्डं शेजारी ठेवून रेंडर लावलं तर वेळेत जेमतेम दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो. आवाज आणि तापमान यांत थोडा अधिक. 2023 साली आलेल्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स 4060 ला लागते 115 वॉट वीज. तिला तीन पंख्यांचा डोलारा कशाला? त्याच कंपनीची साधी मालिका सोडून सर्वांत वरची घेतली की थोडीशी भर घालून वरची चिपच आली असती, असं हमखास होतं. उलट चिपच्या नावाबाबत डोळे उघडे ठेवायला हवेत. आरटीएक्स 3060 आली 2021 मध्ये, 12 जीबीची. पुढच्या वर्षाअखेर त्याच नावाने 8 जीबीची आली, आणि तिच्यात मेमरीची वाट 192 बिटांवरून 128 वर आणलेली. खोका सारखाच दिसतो, काम सारखं होत नाही.

नावाच्या वजनाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ईव्हीजीए ही अमेरिकी कंपनी सेवेसाठी सगळ्यांच्या तोंडी होती. सप्टेंबर 2022 मध्ये तिने ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. तिची कीर्ती तिकडची. आपल्याला तिचा उपयोग तेव्हाही नव्हता. झोटॅक बरं की इनो थ्रीडी यावर पोरं तावातावाने भांडतात. दोन्ही पीसी पार्टनर या एकाच घरातली. एनव्हीडियाचं मोठं ऑफिस तर पुण्यातच आहे, पण दुसऱ्याच्या नावाचं कार्ड घेऊन तिथे गेलात तर गेटवरूनच परत याल. कीर्ती बघायची तर आपल्या शहरातल्या केंद्राची बघा. तिथे जाऊन पाच मिनिटं बाकावर बसा, लोक काय बोलतात ते ऐका. "पोर्टावर ठिपका असेल तर काय करता?" हे सरळ विचारा. शहरात कंपनीचं स्वतःचं केंद्र आहे की नुसता कुरियरने माल पुढे पाठवणारा, हेही कळेल. शिवाय काही कंपन्या खरेदीनंतर ठराविक मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली तरच वाढीव वॉरंटी देतात; ती नोंदणी दुकानदार करत नाही, आपण करायची.

किमतीचा विषय निघाला की बिलाचा निघतोच. पुण्यातलं दुकान असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, "बिल हवंय का?" हा प्रश्न हळूच येतो. 30,000 च्या कार्डावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5,400 रुपये, मोह होणारच. पण बिलाशिवाय घेतलेलं कार्ड बिघडलं की तुम्ही कोण, कुठून आलात? काही कंपन्या सीरियल नंबरावरच वॉरंटी धरतात हे खरं, पण भांडायची वेळ आली तर हातात कागदच लागतो. त्यातही एक मेख आहे. माझ्यासारखे लोक बिल फर्मच्या नावावर घेऊन कराची वजावट मिळवतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे, पण समोरचा वकील हरकत घेणार हे धरून चाला. चार माणसं कामाला ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याने ही वजावट किती महाग पडते ते आधी सीएला विचारावं.

माझ्या कार्डाच्या वादात मी कंपनीला लेखी पत्र दिलं: ठिपका बाहेरच्या पत्र्यावर आहे, बिघाडाशी त्याचा संबंध दाखवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. त्यानंतर कंपनीने पैसे घेऊन दुरुस्ती देऊ केली, "सद्भावना म्हणून". ती रक्कम ऐकून मी कार्ड परत घेतलं आणि बुधवार पेठेतल्या एका कारागिराकडे दिलं. त्याने मेमरीची एक चिप बदलली. पोर्टाला हातही लावला नाही. कार्ड आजही चालतं. ग्राहक आयोगात गेलो असतो तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. पण बाहेरून उघडलेलं कार्ड पुरावा म्हणून कच्चं पडतं, तेव्हा ज्याला लढायचंय त्याने कारागीर नंतर गाठावा. ग्राहक पंचायत 1974 साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच उभी केली, आणि त्याच पुण्यात लोक सीआयडीच्या शेऱ्यापुढे मान तुकवून घरी जातात, याचं मला नवल वाटतं.

जुन्या कार्डांबद्दल एवढंच सांगतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात स्वस्तात आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरतायत. वॉरंटी उरलेली आणि मूळ बिल मिळत असेल तरच हात लावा, नाहीतर किंमत निम्म्याखाली आल्याशिवाय बोलूच नका.

परवा शेजारच्या वाडीतले एक काका मुलाला घेऊन आले होते. मुलाला महागडं तीन पंख्यांचं हवं होतं, रंगीत दिव्यांचं. केंद्र कुठे आहे ते बघून आम्ही त्याच चिपचं दोन पंख्यांचं ठरवलं. उरलेल्या पैशांत चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस बसला, कारण आमच्याकडे वीज दिवसातून कधी येते-जाते याचा नेम नाही. मुलगा थोडा हिरमुसला. काकांनी निघताना विचारलं, "आणि हे दिवे नसले तर गेम चालतो ना?" चालतो म्हटलं.