पिकावरील रोग-किडींच्या छायाचित्रणासाठी जुना डीएसएलआर की खिशातील कॉम्पॅक्ट कॅमेरा?

मिरचीवरील बोकड्या हे एकाच कारणाने उद्भवणारे लक्षण नव्हे. फुलकिड्यांच्या रसशोषणामुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात आणि पान नावेसारखे दिसते. पिवळ्या कोळी या किडीमुळे त्याच कडा खालच्या बाजूस वळतात व देठ लांबट होतो. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पाने बारीक व सुरकुतलेली राहतात आणि झाड खुजे होते. या तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत. फुलकिड्यांसाठी वापरलेली अनेक कीटकनाशके कोळीवर चालत नाहीत, आणि विषाणूग्रस्त झाड तर कोणत्याही फवारणीने बरे होत नाही. शेतातून आलेले छायाचित्र सरळ वरून घेतलेले आणि किंचित हललेले असेल, तर तज्ज्ञास त्यात केवळ 'पाने वळली आहेत' एवढेच दिसते. सल्ला चुकतो, फवारणीचा खर्च वाया जातो आणि नियंत्रणाचे मोलाचे दिवस हातचे जातात.

म्हणूनच कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादा प्रगतिशील शेतकरी कॅमेरा घेण्याचे ठरवतो, तेव्हा ती हौसेची खरेदी राहत नाही. मर्यादित रकमेत बहुधा दोन मार्ग समोर येतात : दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, वापरलेला डीएसएलआर, किंवा शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. दुकानातील चर्चा सहसा मेगापिक्सेलवर येऊन थांबते. रोगनिदानाच्या दृष्टीने ती सर्वांत कमी उपयोगाची संख्या आहे.

सेन्सरचा आकार आणि त्याची दुसरी बाजू

निकॉन डी९० (२००८, १२.३ मेगापिक्सेल) या जुन्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३.६ × १५.८ मिमी आहे. सामान्य कॉम्पॅक्टमधील सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी असतो, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट कमी. अंधुक प्रकाशात हा फरक उघड होतो. पंजाब-हरियाणात जानेवारीच्या धुक्यात गव्हावरील तांबेऱ्याची पाहणी करताना पुरेसा उजेड नसतो. पिवळ्या तांबेऱ्याच्या पुटकुळ्या शिरांना समांतर ओळीत येतात, तपकिरी तांबेऱ्याच्या विखुरलेल्या असतात. लहान सेन्सरचा कॅमेरा कमी प्रकाशात प्रतिमेतील कण दडपण्यासाठी बारीक तपशील पुसून टाकतो आणि ओळीतील पुटकुळ्यांचा केवळ पिवळसर पट्टा उरतो. अशा वेळी जुना डीएसएलआर निःसंशय सरस ठरतो.

परंतु याच सेन्सरची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. जवळून घेतलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, सेन्सर लहान असताना अधिक मिळते. दोन्ही कॅमेऱ्यांनी पानाचा तेवढाच भाग चौकटीत घेतला, तर कॉम्पॅक्टला एफ/४ वर मिळणारी खोली डी९० वर मिळविण्यासाठी अ‍ॅपर्चर सुमारे एफ/१५ पर्यंत लहान करावे लागते. प्रकाश चौदापट कमी होतो, शटर मंदावते आणि वाऱ्याने हलणारे पान धूसर येते. वळलेले पान सपाट नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. बोकड्याची कड आणि पानाचा मध्य एकाच वेळी स्पष्ट हवे असतील, फ्लॅश नसेल आणि ऊन चांगले असेल, तर साधा कॉम्पॅक्ट पुष्कळदा अधिक उपयोगी छायाचित्र देतो. डीएसएलआरने घेतलेल्या, धूसर पार्श्वभूमीच्या देखण्या छायाचित्रांवर भाळणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे. लग्नसमारंभात जे सौंदर्य, तेच निदानात न्यून होते.

किती जवळ जाता येते?

खरेदीचा खरा कस येथे लागतो. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स वस्तूची प्रतिमा सेन्सरवर फार तर एक तृतीयांश आकाराची पाडते. डी९० वर अशा लेन्सने १ मिमी लांबीचा फुलकिडा सुमारे ५५ पिक्सेलांत मावतो, तर ०.२ मिमीचा पिवळा कोळी जेमतेम ११ पिक्सेलांत. पहिला ओळखता येईल. दुसऱ्याविषयी केवळ अंदाज बांधता येतो. प्रत्यक्ष आकाराची प्रतिमा पाडणारी मॅक्रो लेन्स लावल्यास हेच आकडे १८० व ३६ होतात. तात्पर्य, साध्या लेन्ससह घेतलेला जुना डीएसएलआर निदानाच्या कामी अर्धवट साधन आहे. त्याच्या किमतीत मॅक्रो लेन्सची किंमत मिळवूनच तुलना करावी. तेवढा खर्च झेपत नसेल, तर काच नसलेल्या एक्स्टेंशन ट्यूब स्वस्तात मिळतात. मात्र जुन्या मॉडेलांना साजेशी ट्यूब पाहून घ्यावी. संपर्कबिंदू नसलेल्या ट्यूबवर स्वयंचलित फोकस चालत नाही आणि अ‍ॅपर्चरही बहुधा बदलता येत नाही.

कॉम्पॅक्टच्या बाबतीतही नावावर विसंबू नये. सोनी आरएक्स१०० (२०१२) हा खिशातील कॅमेऱ्यांत उत्तम गणला गेलेला कॅमेरा आहे. त्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट आहे. परंतु झूम पूर्ण लांबविल्यावर तो ५५ सेंमीपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करीत नाही. ५ सेंमीपर्यंत जायचे तर झूम मागे घ्यावे लागते. अनेक कॉम्पॅक्टचे असेच आहे : मॅक्रो केवळ रुंद कोनात चालते, लेन्स कीटकाला जवळजवळ टेकते, कॅमेऱ्याची सावली पानावर पडते आणि मक्याच्या पोंग्यातील अळी आत सरकते. अमेरिकन लष्करी अळीची नोंद भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. ती ओळखण्यासाठी डोक्यावरील उलटी इंग्रजी 'वाय' आकाराची खूण आणि शेवटून दुसऱ्या भागावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके दिसावे लागतात. अळी निसटण्यापूर्वी हे टिपायचे, तर १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स अधिक सोयीची, कारण ती अंतर राखून काम करू देते.

ऑलिंपसच्या टीजी मालिकेतील कॅमेरे येथे अपवाद ठरतात. त्यांचा सेन्सर लहान आहे, पण मायक्रोस्कोप पद्धतीत झूम लांबवूनही ते १ सेंमीपर्यंत फोकस करतात. पाणी व धूळ आत शिरत नाही आणि स्थाननोंदीसाठी जीपीएस अंगचेच असते. टीजी-४ पासून पुढील मॉडेलांत रॉ फाइलही मिळते. भातखाचरात किंवा आसामच्या चहामळ्यात पावसाळी पाहणी करणाऱ्यास हे गुण मेगापिक्सेलहून मोलाचे वाटतील.

रंगाचा प्रश्न

अन्नद्रव्यांच्या कमतरतेत रंग हेच लक्षण असते. नत्राच्या कमतरतेत जुनी पाने आधी फिकट होतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हिरव्या शेडनेटखाली स्वयंचलित व्हाइट बॅलन्स सहज फसतो. डीएसएलआर रॉ फाइल देतो, त्यामुळे चौकटीत ठेवलेल्या करड्या कार्डाच्या आधारे रंग नंतर सुधारता येतात. कॉम्पॅक्ट घेताना ही सोय आहे की नाही हे आवर्जून विचारावे. जुने व कोवळे पान एकाच चौकटीत ठेवणे मात्र कोणत्याही कॅमेऱ्याने शक्य आहे, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

मोबाईल प्रत्येकाजवळ असताना वेगळा कॅमेरा कशाला, ही शंका रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीत अ‍ॅपमधून पाठविलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. मोठ्या लक्षणांसाठी मोबाईल पुरेसा आहे. परंतु अनेक मोबाईल रंग भडक व कडा अतिरेखीव करून दाखवतात, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठविलेली प्रतिमा आकसते. कोणत्याही कॅमेऱ्याचे छायाचित्र असो, ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

वापरलेला कॅमेरा घेताना

निकॉन डी४०, डी६०, डी३०००, डी५००० यांच्या अंगात फोकसची मोटर नाही. त्यांना मोटर असलेल्या लेन्सच लागतात, अन्यथा फोकस हाताने करावा लागतो. डी७०, डी८०, डी९० यांना ही अडचण नाही. शटर किती वेळा उघडले गेले आहे ते पाहावे. डी९० चे शटर निर्मात्याने १ लाख वेळा चालवून तपासलेले आहे. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकण, केरळ व ईशान्येच्या दमट हवेत हा दोष नित्याचा आहे.

एक दोष तर थेट निदानालाच फसवतो. शेतात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ सारखे लहान केले की तीच धूळ पानावर करड्या ठिपक्यांच्या रूपाने उमटते. ठिपका प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी असेल, तर तो पानावरचा नव्हे. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स बदलण्याचा प्रश्न नसतो, परंतु पुढे-मागे सरकणाऱ्या नळीतून आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही.

दुचाकीवरून दिवसाला पाच-सहा शेते पाहणाऱ्या कार्यकर्त्याने जवळून फोकस करणारा, दणकट कॉम्पॅक्ट घ्यावा. मॅक्रो लेन्ससह किलोभर वजनाचा कॅमेरा पाठीवरील पिशवीतून निघत नाही, असाच सर्वत्र अनुभव आहे. ज्या केंद्रावर नमुने टेबलापर्यंत येतात, भित्तिपत्रके व पुस्तिका छापल्या जातात आणि तिपाई व फ्लॅश लावण्यास उसंत असते, तेथे जुना डीएसएलआर व मॅक्रो लेन्स ही जोडी आजही स्वस्तातली उत्तम खरेदी आहे. कपाटात डीएसएलआर आधीच पडून असेल, तर नव्या कॅमेऱ्याऐवजी लेन्ससाठी तरतूद करावी. बराच काळ बॅटरीविना राहिलेल्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागे पडलेले असते. ते आधी लावावे, नाहीतर किडीची नोंद भलत्याच हवामान आठवड्यात जाते.

आकार कळावा म्हणून ठिपक्याशेजारी रुपयाचे नाणे ठेवण्याची पद्धत सोडावी. चलनात २५, २२ व २० मिमी व्यासाची एक रुपयाची नाणी आहेत आणि छायाचित्र पाहणाऱ्यास त्यातले कोणते ते कळत नाही. मिलिमीटरच्या खुणांची प्लास्टिकची पट्टी पानाच्याच पातळीत धरावी. पट्टी पानाच्या मागे गेली, तर ठिपका आहे त्याहून मोठा भरतो.