पहिले पाऊल

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळहातावर कोणी बोट ठेवले, की त्याची इवलीशी मूठ त्या बोटाभोवती घट्ट मिटते. बोट कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते. धरावे असा विचारही त्याच्या मनात नसतो. ही पकड उपजतच असते. त्याची दृष्टीही वीत-दीड वीत अंतरापलीकडे नीटशी पोहोचत नाही. मान सावरायलाही त्याला दुसऱ्याचा हात लागतो. असा हा परावलंबी जीव बहुधा वर्ष-सव्वा वर्षात स्वतःच्या पायांवर चालू लागतो!

या प्रवासाला एक क्रम आहे. शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरते. पुढे पालथे पडते, बसते, रांगते आणि एके दिवशी भिंतीला धरून उभे राहते. हातही मागे नसतात. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास ते जमिनीवर सांडलेले भाताचे शीत चिमटीत उचलू लागते. धरलेली वस्तू आपणहून सोडणे मात्र त्याला धरण्यानंतरच साधते. मग ते वाटी खाली टाकते. आजी उचलून देते. ते पुन्हा टाकते आणि खदखदून हसते. मोठ्यांना ही खोडी वाटते. बाळाचा तो अभ्यास असतो.

अशाच एका घरात चौदा महिन्यांची मुलगी अजून चालत नव्हती. शेजारचे मूल दहाव्या महिन्यातच दुडूदुडू धावू लागले होते. त्यामुळे आईच्या जिवाला घोर लागला. थोरला भाऊ शाळेतून आला, की लगेच बहिणीचे दोन्ही हात धरून तिला अंगणभर चालवी. तिने जरा झोक खाल्ला, की झटकन उचलून घेई.

आईची काळजी स्वाभाविक होती. पण प्रत्येक मुलाची वेळ निराळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतील ८०० हून अधिक निरोगी मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आधारावाचून चालण्याचे वय सुमारे ८ ते १८ महिने असे विस्तृत असल्याचे त्यात आढळले. काही मुले तर हातापायांवर रांगल्यावाचूनच चालू लागली. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पडण्याचेही तसेच आहे. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी चालायला शिकणारी मुले खेळताना पाहिली. ती एका तासात सरासरी सुमारे २,४०० पावले टाकत आणि १७ वेळा पडत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात नमूद आहे. इतके पडूनही मुले चालणे सोडत नाहीत. पुन्हा उठतात, पाय फाकवून आणि हात वर उचलून तोल सांभाळतात. तोल कसा सांभाळावा, हे कोणी सांगून कळत नाही. ज्याचे त्यालाच ते शिकावे लागते.

एका संध्याकाळी आजी अंगणात बसली होती. भाऊ नेहमीप्रमाणे बहिणीला चालवत होता. आजी म्हणाली, “आता सोड तिला. जवळच उभा राहा. पण धरू नकोस.” भावाचा जीव खालीवर झाला. तरी त्याने हळूच बोटे सोडवून घेतली. मुलगी क्षणभर डुलली. एक पाऊल पडले, दुसरे पडले, तिसऱ्याला ती धपकन खाली बसली. भाऊ धावणार, तोच ती तळहात जमिनीला टेकून आपली आपण उठली. पुन्हा चार पावले टाकून ती आजीच्या कुशीत शिरली. भाऊ पुढे होऊन तिचा हात धरू लागला, तेव्हा तिने तो झिडकारला!

सारे घर हसले. भावाला मात्र आनंदाबरोबर किंचित हुरहुरही वाटली. काल हवे असलेले त्याचे बोट आज तिला नको होते. मूल मोठे होते म्हणजे हेच होते. त्याला आधार देणे हे प्रेम खरे. पण वेळ येताच तो आधार काढून घेणे आणि तरीही जवळ उभे राहणे, हेही प्रेमच होय.