आजचं मनन : हात कुणी धरलाय?

शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता 40:1-3, रोमकरांस पत्र 6:3-4



माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. त्यातलं काहीच आठवत नाही. कॉलेजात एका मित्राने विचारलं होतं, "जे तुला आठवतच नाही, त्याला काय अर्थ?" गेल्या वर्षी नोकरी गेली, मग प्रार्थनाही सुटली, आणि तो प्रश्न पुन्हा टोचू लागला.

त्याच दिवसांत एका दगडी बाप्तिस्मापात्राचा फोटो पाहण्यात आला. इंग्लंडमध्ये वेल्सच्या सीमेजवळ हेरफर्डशायर काउंटी आहे. तिथल्या अर्डिस्ली गावात मरीया मग्दालीयेच्या नावाचं जुनं चर्च आहे. हे पात्र साधारण 1150 च्या सुमाराचं. जवळच्या किलपेक चर्चचं प्रसिद्ध कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांच्याच परंपरेतलं.

त्या काळी तान्ह्या बाळांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत, म्हणून अशी पात्रं रुंद आणि खोल असत. लोक जादूटोण्यासाठी त्यातलं पाणी चोरत. म्हणून 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी पात्रांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला. लोकांना वाटे, ताकद पाण्यात आहे.

पण अर्डिस्लीचा दगड वेगळंच सांगतो. त्यावर भाला आणि तलवार घेऊन झुंजणारे दोन योद्धे आहेत, एक मोठा सिंह आहे, आणि सगळीकडे एकमेकांत गुंतलेल्या वेलीसारख्या दोऱ्यांचं जाळं आहे. त्यातच प्रभू येशू एका माणसाला हाताला धरून बाहेर ओढतोय. अभ्यासकांच्या मते हा प्रभू अधोलोकात उतरून बंदिवानांना सोडवतो, तो प्रसंग आहे.

मी तो फोटो झूम करून बघत बसलो. जाळ्यातला तो माणूस स्वतःहून बाहेर आलेला नाही. त्याला ओढून काढलंय. आणि हे चित्र कुठे कोरलंय? जिथे बोलताही न येणारी बाळं आणली जायची, तिथे!

स्तोत्रकर्ताही हेच सांगतो. तो चिखलात होता, वर काढलं देवाने. पौल तर म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, यासाठी की नव्या जीवनात चालावं. मेलेला माणूस स्वतःला उठवत नाही ना?

मित्राला आज मी एवढंच सांगेन : मला आठवत नाही, पण ज्याने हात धरला त्याला आठवतं. विश्वास म्हणजे तो धरलेला हात ओळखणं. म्हणून पुन्हा प्रार्थनेला बसलो. पहिल्या दिवशी जेमतेम दोन मिनिटं. चालतं!

आज एक करा : आईबाबांना किंवा चर्चच्या रजिस्टरात विचारून आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. अजून बाप्तिस्मा झाला नसेल, तर आपल्या पाळकांशी बोला.

प्रार्थना : प्रभू येशू, माझी पकड सैल आहे, तुझी नाही. आज मी ज्या गुंत्यात आहे, तिथून मला ओढून काढ. आमेन.