अनुदान आणि पाणवठा

सार्वजनिक पैशातून राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. पण तो बहुतांशी कागदावरच राहिला. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका वा लोकल बोर्डे हे नाकारतील, त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे १९२४ मध्येच ठरविले होते. प्रत्यक्ष ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजी, पूज्य बाबासाहेबांसमवेत.

आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामी राज्यात. मुंबईचे ठराव येथे लागू नव्हते. २६ जानेवारी १९५० पासून मात्र संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात जात आड येऊ नये, अशी हमी सर्वत्र दिली.

आज गावातील मैदान, बाग अनुदानातून उभी राहते. म्हणून ग्रामसभेत आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा निधी कोणाचा? आणि वस्तीतील मुलगी तेथे निःसंकोच खेळू शकते का?