खारट पाला खुडणारे

शास्त्रपाठ : ईयोब ३०:१-८, २ राजे ६:२४-२५, ४:३८-४१



ईयोबाच्या पुस्तकाचा तिसावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. आदल्याच अध्यायात आपण दरिद्र्यांचा पिता होतो असे सांगणारा ईयोब येथे मात्र आपली टवाळी करणाऱ्यांविषयी बोलतो. हे लोक उपासमारीने वाळलेले, वस्तीतून हाकलून दिलेले आहेत. चोराच्या मागे ओरडावे तसे लोक त्यांच्या मागे ओरडतात. त्यांच्या बापांना आपण आपल्या मेंढरांच्या कुत्र्यांजवळही ठेवले नसते, असे तो म्हणतो. त्यांच्या हीनपणाची खूण म्हणून चौथ्या वचनात तो त्यांचे अन्न सांगतो : ते झुडपांजवळचा ‘मल्लूअह’ खुडतात.

हा शब्द इब्री भाषेतील मिठाच्या शब्दावरून आला आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनीही तेथे मिठाशी नाते सांगणारा ‘हालिमा’ हा शब्द योजला. मृत समुद्राच्या परिसरात व नेगेबात क्षारयुक्त जमिनीवर वाढणारे, रुपेरी पानांचे जे झुडूप आहे तेच हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची कोवळी पाने खाता येतात, पण ती खारट लागतात. सतराव्या शतकातील इंग्रजी भाषांतरात मात्र येथे ‘मॅलो’ असा शब्द आला. नादसाम्याने हे घडले असावे. मॅलो ही वेगळीच वनस्पती आहे. तिला अरबी लोक ‘खुब्बेझा’ म्हणतात, कारण तिचे फळ लहानशा भाकरीसारखे गोल असते व अरबीत भाकरीला ‘खुब्झ’ म्हणतात. हैदराबाद किंवा लखनौ येथील वाचकांनी यूनानी औषधांच्या दुकानात ‘खुब्बाजी’चे बी पाहिले असेल, ते याच कुळातले.

भाषांतर चुकले असले तरी या दुसऱ्या वनस्पतीची हकीकत आपल्या पाठाला सोडून नाही. १९४८ च्या वसंत ऋतूत यरुशलेमेकडे येणारा रस्ता युद्धामुळे बंद झाला आणि शहरातील यहूदी वस्त्यांत अन्नपाण्याचे रेशन सुरू झाले. तेव्हा लोक मोकळ्या जागांतून व शहराच्या कडेच्या शेतांतून खुब्बेझा खुडून आणू लागले. ती कशी शिजवावी हे रेडिओवरून सांगितले जाई. तिच्या वड्या तळून आजही काही घरी त्या दिवसांची आठवण केली जाते. पुढे २०२४ च्या आरंभी उत्तर गाझामध्ये पीठ मिळेनासे झाले, तेव्हा तेथील आयाबहिणींनी हीच भाजी खुडून मुलांना शिजवून घातली. दोन्ही वेळी वनस्पती एकच आणि भूकही एकच होती. ज्यांनी ती खुडली त्यांत कालपर्यंत शिक्षक, दुकानदार, कारकून असलेली माणसे होती. वस्तीबाहेर राहणाऱ्यांचे म्हणून ईयोबाने जे अन्न हिणवले, तसले अन्न भर शहरातल्या माणसांच्या ताटात यायला एक रस्ता बंद होणे पुरते.

शोमरोनाच्या वेढ्यात हेच झाले. गाढवाचे डोके ऐंशी शेकेलांना विकले गेले आणि पाव कब ‘पारव्यांची विष्ठा’ पाच शेकेलांना. हे एखाद्या रानकांद्याचे किंवा शेंगेचे लोकांतले नाव असावे, असे काही पंडित म्हणतात. आपल्याकडेही वनस्पतींची नावे कमी चमत्कारिक नाहीत, तेव्हा ते अशक्य नाही. पण तो अर्थ घेतल्याने वाचकाला वाटणारी शिसारी कमी होते, एवढ्यासाठीच तो स्वीकारू नये.

आता गिलगालाकडे वळू. देशात दुष्काळ होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण भाजी खुडायला रानात गेला. मूळ शब्द ‘ओरोथ’ आहे. यहूदी परंपरेत त्याचा एक अर्थ ‘गर्गीर’ नावाची तिखट पाल्याची भाजी असा दिला आहे. त्याला ती मिळाली की नाही हे शास्त्र सांगत नाही. मिळाला तो रानवेल. त्याची फळे त्याने ओचाभर आणली व चिरून हंड्यात टाकली. ही फळे म्हणजे आपले कडू वृंदावन, असे साधारणपणे मानतात. ते जहाल रेचक आहे, बेताबाहेर पोटात गेल्यास प्राणावर बेतते.

येथे मूळ भाषेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. “ती काय आहेत हे ठाऊक नव्हते” या अर्थाच्या वाक्यात क्रियापद अनेकवचनी आहे. खुडणारा एक होता, पण ठाऊक कोणालाच नव्हते. संदेष्ट्यांच्या त्या मंडळीत वेल ओळखणारे एकही माणूस नव्हते! अलीशाने त्या शिष्याला शब्दानेही दोष दिला नाही. त्याने पीठ मागवले, हंड्यात टाकले आणि तेच अन्न लोकांना वाढावयास सांगितले. (पीठ घातल्याने कडू फळ निर्धोक होते असे मात्र कोणी समजू नये. ते देवाचे कृत्य होते. आपल्या स्वयंपाकात दुधी वा काकडी कडू लागली तर ती टाकूनच द्यावी.)

ज्यांना वेल ओळखता येतो ते आपल्या शहरांत आहेत. पावसाळ्यात रेल्वेच्या कडेने टाकळा व कुर्डू खुडणाऱ्या बाया आपण पाहिल्या असतील. नाल्याकाठचा व रुळांलगतचा पाला दूषित असू शकतो हे खरे. पण त्यांना चांगली जागा कोण देतो? कोवळा टाकळा कोणता नि जून कोणता हे त्यांना बोटांनी कळते. आपण ती जुडी घेताना घासाघीस करतो.

‘मल्लूअह’साठी मराठी शब्द शोधताना मला खाडीकाठची मोरस आठवली. तीही खारट, शिजवताना वेगळे मीठ लागत नाही. पण नागपूर किंवा इंदूरच्या वाचकाला मोरस ठाऊक नसते. म्हणून मसुद्यात मी ‘खारट पाला’ असे लिहिले आणि मुंबईच्या खाडीलगतच्या एका मंडळीत तो वाचून दाखवला. एक वृद्ध विधवा म्हणाल्या, “पाला गुरं खातात. माणूस खुडतो ती भाजी.”

मी लगेच पेन्सिल काढली. तेव्हा त्यांनीच थांबवले. “हे ईयोब बोलतो ना? मग पालाच राहू द्या. त्याने कुठं कधी खुडली होती?”

मसुद्यात तो शब्द ‘पाला’ असाच आहे.