पोरी, एक डिस्क गावाबाहेर ठेव

नॅसचा, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कांचा, डबा घ्यायचा की पीसीतच दुसरी डिस्क बसवायची, असं विचारलंस. त्याआधी घरात जपण्यासारखं काय आहे ते बघ. सातबारा जपायची गरज नाही. डिजिटल सहीचा उतारा 2018 पासून ऑनलाइन मिळतो, पंधरा रुपयांत पुन्हा निघेल. आधार, मार्कशीट डिजिलॉकरात आहेत. पण तुझ्या सासरचं बुडितात गेलेलं जुनं घर, त्याच्या ओसरीवर काढलेले फोटो, मोबदल्याच्या निवाड्याची नक्कल, प्रकल्पग्रस्ताचा दाखला? नक्कल आणि दाखल्यासाठी निदान कचेरीत अर्ज तरी करता येईल. फोटोंसाठी कोणाकडे जाशील? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला झाली. त्यानंतर जी गावं उठली, त्यांचं चित्र आता लोकांच्या अल्बमांतच उरलंय. आधी ते स्कॅन कर. डब्याचं नंतर बघू.

तुमच्या घरात एक पीसी आणि दोन मोबाइल. एवढ्यासाठी नॅस नको. पीसीतली दुसरी डिस्क स्वस्त पडते आणि वेगही चांगला देते. एक टीबी दोन-अडीच तासांत उतरतो. तेच नॅसवर पाठवायचं आणि राउटरची पोर्टं शंभर एमबीपीएसची असली, तर पंचवीस तास धर. हे दुकानदार सांगत नाही. वायफायवरून तर पहिली कॉपी सुरूच करू नकोस.

पण आतली डिस्क म्हणजे निम्माच बॅकअप. एसएमपीएस जळताना वाढीव व्होल्टेज सोडून गेला तर दोन्ही डिस्का एकदम जातात. पवनीच्या दुकानात असे पीसी मी पुष्कळ उघडलेत. दुसरी डिस्क बसवताना कारागीर जुन्या मोलेक्स पिनेवरून साटाची स्वस्त जोडवायर काढतो. तिचं डोकं साच्यात ओतलेलं, एकसंध असेल तर घेऊ नको. आत तारा एकमेकींना टेकतात आणि प्लास्टिक वितळतं. एसएमपीएसची स्वतःची साटा पिन मोकळी असेल तर तीच वापर.

नॅस कधी घ्यावा, तेही सांगतो. जावयाचं लग्नाच्या शूटिंगचं काम वाढलं, घरात तीन-चार मशीन झाल्या, सगळ्यांना एकाच फाइली लागायला लागल्या, तर घ्या. दोन डिस्कांचा घ्या, डिस्का सीएमआर जातीच्या बघून घ्या, कारण एसएमआरवाली एखादी डिस्क बदलून पुन्हा भरताना जीव काढते. आणि त्यातल्या रेडवर, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तेच लिहिण्याच्या सोयीवर, विसंबू नका. एक डिस्क मेली तर काम अडत नाही, एवढंच ते. पोरानं फोल्डर उडवलं तर ते दोन्हीकडून उडतं. स्नॅपशॉट चालू ठेवलेत तरच मागं जाता येईल. बाहेरगावाहून फाइली दिसाव्यात म्हणून डबा थेट इंटरनेटला उघडा करायचा मोह होतो, तो आवरा. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं असेच उघडे ठेवलेले क्यूनॅपचे डबे जगभर कुलूपबंद केले होते.

आता गोसीच्या हवेचं. ढग गडगडायला लागले की पीसीची पिन काढतेस, राउटरची विसरतेस. लॅन वायरीतूनही झटका आत येतो. दोन्ही काढ. यूपीएस घे, स्टॅबिलायझरवर भागवू नको, कारण लाइट गेली की कॉपी अर्ध्यातच तुटते.

आणि पाण्याचं मी तुला काय सांगायचं? 2020 च्या ऑगस्टअखेरीस धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले, तरी वर भंडारा शहरात पाणी शिरलंच. तेव्हा पीसी, त्यातली डिस्क आणि शेजारच्या टेबलावरचा नॅस हे सगळं पुराच्या हिशेबी एकच. बियाण्याचं धान आपण खाण्याच्या ढोलीत ठेवतो का? तशीच यूएसबीची एक डिस्क उमरेडला मावशीकडे राहू दे. अशा दोन डिस्का कर. पोळ्याला आणि संक्रांतीला जाणं होतंच, तेव्हा ताजी नेऊन दे, जुनी घेऊन ये. डिस्कला व्हेराक्रिप्टचं कुलूप लाव, कारण दाखल्यावर घरादाराची नावं असतात. पासवर्ड कागदावर लिहून सासूबाईंच्या पेटीत ठेव, डिस्कच्या पाऊचमध्ये नको.

भरलेली डिस्क कधीमधी दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून बघत जा. नावं दिसली म्हणून खूश होऊ नको. आठ-दहा फोटो पूर्ण उघड, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालव. खराब फाइल बहुतेक वेळा मध्येच अडकते. डिस्कवर मार्करनं तारीख टाक. ‘बॅकअप नवीन’, ‘बॅकअप फायनल’ असं लिहिलेल्या डिस्का घेऊन गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, आणि त्यातली ताजी कुठली हे त्यांनाच सांगता येत नाही. पाऊचमध्ये सिलिका जेलची पुडीही टाक, पावसाळ्यानंतर बदल.

डिस्क घेताना मला फोन कर. मीही येतो दुकानात.